होऊन जाते

सरांच्या पिशवीत स्टीलचा एक गोल डबा असायचा. नवीन ठिकाणी गेलो की लोकांना वाटायचं, म्हातारा घरून जेवण घेऊन आला आहे. एखादी भली बाई विचारायची, "सर, गरम करून आणू का?" सर डबा सरळ तिच्या हातात द्यायचे. झाकणाला मधोमध भोक आणि भोकातून बाहेर आलेलं सुतळीचं टोक. ती गोंधळून बघत राहायची आणि सर म्हणायचे, "धरा ते टोक. अर्ज पहिल्यांदा तुमच्याच हातात येते ना?"

आमच्या कामाची सुरुवात अशी व्हायची. नागपुरातल्या आणि आसपासच्या सामाजिक संस्थांना सॉफ्टवेअर करून देणं हा आमच्या छोट्या कंपनीचा धंदा. पण सॉफ्टवेअरच्या आधी त्या संस्थेचं काम मुळात चालतं कसं, ते कागदावर उतरवावं लागतं. कोण काय करतं, मग ते कोणाकडे जातं, कुठे अडतं. पुस्तकात याला प्रोसेस मॅपिंग म्हणतात. मी इंजिनीअरिंग करून, वर एक सर्टिफिकेटही घेऊन आले होते. चौकोन कुठे, शंकरपाळ्याचा आकार कुठे, बाण कुठून कुठे, हे सगळं मला पाठ होतं. सरांना यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात माल रवाना करण्यात घालवली होती. शेटजी गेल्यावर त्यांच्या मुलाने दुकान बंद केलं, ही कंपनी काढली आणि येताना दुकानातल्या सामानाबरोबर सरांनाही घेऊन आला. हे मी म्हणत नाही, सरच सांगायचे. "एक टेबल आलं, दोन कपाटं आली आन् मी आलो."

मालकाने त्यांना व्हिजिटिंग कार्डं छापून दिली होती. त्यावर इंग्रजीत 'सीनियर प्रोसेस ॲनालिस्ट' असं होतं. सरांनी त्यातली दहा-बारा घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली आणि बाकीच्यांच्या मागे किराण्याच्या याद्या लिहिल्या.

सुतळीची पद्धत सोपी होती. संस्थेतल्या सगळ्यांना एका खोलीत बसवायचं. काम ज्याच्या हातात येतं त्याने सुतळी धरायची आणि काम पुढे ज्याच्याकडे जातं त्याच्याकडे डबा द्यायचा. टोक मात्र सोडायचं नाही. कामठी रोडवर मुलांचे अभ्यासवर्ग चालवणारी एक संस्था होती. तिथल्या मॅडमकडे एका मुलाच्या प्रवेशाची सुतळी चारदा फिरून आली. मॅडमचा फोन वाजला तर त्यांना खुर्चीतून उठता येईना. त्या स्वतःकडे बघून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मी चार-चार सह्या करते? काहून पण?" सर म्हणाले, "ते आम्ही तुम्हालेच विचारून राहिलो."

त्या दिवशी मला सरांचा राग आला होता. एक तर जे चित्र मी लॅपटॉपवर तासाभरात काढलं असतं त्यासाठी अख्खी दुपार गेली. आणि दुसरं म्हणजे सुतळीचा गुंता शेवटी मलाच सोडवावा लागायचा. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेली असायची आणि सर सगळ्यांसमोर मला छेडायचे. "काहून वं इंजिनीअर, तू कधीच सुतळी धरत नाहीस? हात भरतेत का?"

मी म्हणायची, "सर, कन्सल्टंटने प्रोसेसच्या बाहेर राहायचं असतं."

"हो का? बरं बाप्पा. राहा बाहेर."

कुठल्याही कार्यालयात शिरताना ते आधी दाराबाहेरच्या चपला मोजायचे. आत जाऊन मग हजेरीपट मागायचे. चपला जास्त आणि नावं कमी निघाली की खूश व्हायचे. माझ्या तोंडून 'स्टेकहोल्डर' हा शब्द निघाला की लगेच म्हणायचे, "होल्डर हाय ना? मग तो का धरून राहिला ते सांग." पंख्याखाली बसायचे नाहीत, कारण सुतळी उडते. चहा मात्र कुठेही, कितीही वेळा आणि कसलाही चालायचा.

पण त्यांचं खरं वैर होतं ते दोन शब्दांशी. होऊन जाते.

आमच्याकडे हे शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतात. हॉल कोण झाडतं? होऊन जाते. पत्रं कोण टाकतं? होऊन जाते. बोलणाऱ्याच्या मनात पाप नसतं. काम होतंय ना, मग कशाला खोलात जा. पण सरांसमोर कोणी 'होऊन जाते' म्हटलं की ते हातातली सुतळी सोडून द्यायचे. टोक जमिनीवर पडायचं. ते उचलायची कोणालाच परवानगी नव्हती. "आपोआप तं केसं पांढरे होतेत," ते म्हणायचे, "बाकी सारं कोनीतरी करते." ज्या जागी टोक पडलं तिथे मी नकाशात एक रिकामा चौकोन काढायचा आणि त्या चौकोनातलं माणूस सापडेपर्यंत नकाशा द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मालकाचा वेगळा नियम होता. नकाशा तारखेला द्यायचा.

इतवारीतल्या संस्थेचं काम आलं तेव्हा हे दोन्ही नियम एकमेकांना भिडले.

ती संस्था घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना सामान वापरायला द्यायची. डोक्याकडून वर उचलता येणारा लोखंडी फाउलर पलंग, व्हीलचेअर, वॉकर, पाण्याची गादी. काम झालं की परत आणायचं आणि दुसऱ्या घरी द्यायचं. एका भांड्याच्या व्यापाऱ्याने दिलेलं जुनं गोदाम, पुढे छोटं कार्यालय, मागे अंगण. संस्थेचे सचिव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि मनाने चांगले गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "तुमच्या नकाशात ज्यांचं काम दिसेल ती माणसं ठेवू. ज्यांचं दिसणार नाही त्यांना पुढच्या महिन्यापासून थांबवावं लागेल. झाडलोट एजन्सीला दिली आहे."

आत पाच जण सुतळी धरून बसले होते. मागच्या अंगणात एक बाई वॉकर धूत होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, कारण त्या झाडणाऱ्या. त्यांचं नाव छायाताई.

सुतळी छान चालली. अर्ज आला, डॉक्टरची चिठ्ठी पाहिली, पलंग टेम्पोत गेला, घरी पोचला. सरांनी विचारलं, "अन् वापस कसा येते?"

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. सचिव म्हणाले, "ते होऊन जातं."

टोक जमिनीवर पडलं.

"रुग्ण बरा झाला की लोक फोन करतात," सचिव म्हणाले, "किंवा रुग्ण गेला की... तेव्हाही येतोच पलंग. कधी बुडाला नाही."

मला तारीख दिसत होती. मी कोपऱ्यातून म्हटलं, "सर, इथे आपोआप मेसेज टाकता येईल. मुदत संपली की नातेवाइकांच्या मोबाइलवर जाईल. नाही आलं तर तीन दिवसांनी पुन्हा." सचिवांचा चेहरा खुलला. "झालं तर मग! हेच हवं होतं." मी रिकाम्या चौकोनात लिहिलं : स्वयंचलित संदेश. नकाशा पूर्ण झाला आणि छायाताईंची नोकरी गेल्यात जमा झाली. हे मला तेव्हा कळलं नाही. मी तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

सरांनी जमिनीवरचं टोक तसंच राहू दिलं. उठून गोदामात गेले. मी मागोमाग गेले तर ते एका घडी केलेल्या पलंगापुढे उकिडवे बसले होते. परत आलेल्या पलंगांच्या बाजूच्या जाळ्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेल्या होत्या. दोन वेढे, मग एक पीळ आणि उरलेलं टोक आत खोचलेलं. सरांनी दुसरा पलंग पाहिला, तिसरा पाहिला, मग व्हीलचेअरी पाहिल्या. सगळीकडे तीच गाठ. गांधीबागेत त्यांना गठ्ठ्याची गाठ पाहून तो कुठल्या हमालाने बांधला ते ओळखता यायचं, असं ते पूर्वी सांगायचे. मला ती थाप वाटायची.

"ही गाठ कोनाची?" त्यांनी गोदाम सांभाळणाऱ्याला विचारलं.

"छायाबाईची असन, सर. तीच बांधते."

"इथं आल्यावर बांधते?"

"नाही जी. बांधूनच येतेत."

सर अंगणात गेले. छायाताईंनी मात्र साफ कानावर हात ठेवले. "मी तं फक्त झाडू मारते, सर. मले काही माहीत नाही." बोलताना त्या धुतलेलाच वॉकर पुन्हा धूत होत्या. थांबवणार आहेत हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ज्या गोष्टीमुळे त्या टिकल्या असत्या तीच त्या लपवत होत्या. सर त्यांच्याशेजारी दगडावर बसले, एक वॉकर ओढून पुसायला लागले आणि गांधीबागेतल्या गाठींच्या गोष्टी सांगत राहिले. तासाभराने खरं बाहेर आलं. पलंग पोचवायला टेम्पोबरोबर छायाताईच जायच्या, कारण गादीला चादर घालायला बाई लागते. निघताना घरच्यांना सांगायच्या, काही लागलं तर फोन करजा. आणि पावतीच्या मागे नंबर लिहून द्यायच्या. स्वतःचा. संस्थेचा फोन दुपारी कोणी उचलत नाही म्हणून. आता कार्यालयाच्या कागदावर आपला खाजगी नंबर लिहिला हा गुन्हा ठरेल, अशी त्यांना धास्ती होती.

"अन् मानूस गेलं तं?" सरांनी विचारलं.

"मग मी जाते. सुट्टीच्या दिवशी."

सरांनी मला सांगितलं, "रविवारी छायाताईसंगं कन्हानले जाजो. लॅपटॉप नको नेऊ."

मी कुरकुरतच गेले. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे वारले होते. बसमध्ये छायाताई सांगत होत्या, कोणाकडे तेरवी असते, कोणाकडे पुण्यानुमोदन, कोणाकडे चाळिसावा, कुठल्या घरी कधी गेलेलं चालतं. त्यांच्याजवळ वही नव्हती, सगळं डोक्यात होतं. मी विचारलं, "लवकर जाऊन आणलं तर काय बिघडतं?" त्यांनी तिकिटाची घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "माहे मिस्टर गेले तवा आमच्या घरी असाच मांगून आनलेला पलंग होता. दुसऱ्या संस्थेचा. तिसऱ्या दिवशी मानसं आले अन् घेऊन गेले. त्याहिचं चुकलं नाही, दुसऱ्या पेशंटले लागत असन. पन सासू दिवसभर त्या रिकाम्या जागी बसून राहिली, भुईवर. उठेचना."

कन्हानच्या घरात छायाताईंनी पलंगाचा विषयही काढला नाही. गेलेल्यांच्या म्हाताऱ्या पत्नीजवळ बसल्या, चहा घेतला, शेवटच्या दिवसांत जेवण जात होतं का, कोणाला ओळखत होते का, हे ऐकत राहिल्या. पलंग कोपऱ्यात होता. त्यावर अजून त्या माणसाचा टॉवेल पडलेला होता. मुलगा समोर बसला होता. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने पाहिलं आणि पडदा आईला दिसू नये म्हणून फोन उलटा ठेवला. मग हळूच माझ्याकडे सरकवत म्हणाला, "ताई, हे तुमच्याच ऑफिसचं आलं का जी?"

"आपल्याकडील पलंगाची मुदत संपली आहे. कृपया त्वरित परत करावा."

मीच लिहिलेली ओळ होती. चाचणीसाठी म्हणून शुक्रवारी संस्थेची खरी यादी जोडली होती आणि काढायची विसरले होते. मी माफी मागितली की नाही तेही आठवत नाही. छायाताईंनी फोन उचलला, वाचला आणि मुलाला म्हणाल्या, "मशीनचं हाय ते, भाऊ. मशीनले का समजते." त्यांनी मला वाचवलं. त्या आठवड्यात त्यांना वाचवण्याचं काम माझं होतं.

सोमवारी बैठकीला आमचे मालकही आले होते. मी नकाशा पडद्यावर लावला. स्वयंचलित संदेश पुसून त्या चौकोनात लिहिलं होतं : छायाताई. सचिवांनी चष्मा सारखा केला. "नकाशात नावं नसतात ना? पदनाम लिहा." सर म्हणाले, "पद तुम्ही काढा, साहेब. तवा लिहू." मालकांनी माझ्याकडे डोळे वटारले. सचिव म्हणाले, "अहो पण लोक स्वतःहून परत करतात, असंच मी समजत होतो. माणसं चांगली आहेत."

"मानसं चांगलीच हायत, साहेब," सर म्हणाले. "पन घरात मानूस गेल्यावर पलंग उचलनं सुचत नाही." त्यांनी डबा सचिवांपुढे धरला. "हे टोक तुम्ही धरा. रविवारी कोराडीले जाचं हाय, एक पलंग आनाचा हाय. कवा जाचं, का बोलाचं, तेवढं फक्त सांगा."

सचिवांनी टोक धरलं नाही. मग मी उभी राहिले आणि कन्हानला काय झालं ते सांगितलं. मेसेज माझा होता, चूक माझी होती, आणि आज हा नकाशा जुन्या स्वरूपात दिला तर असा मेसेज प्रत्येक घरी जाईल. मालक काय म्हणतील याची भीती वाटत होती, पण बोलले. तो मेसेज सचिवांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या घरीही दोन वर्षांपूर्वी असा पलंग होता, हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, "बाईंना आत बोलवा."

छायाताई ओले हात पदराला पुसत आल्या. त्यांना पूर्णवेळ ठेवलं गेलं, संस्थेने एक मोबाइल दिला आणि पदनाम शोधायला सचिवांना तीन महिने लागले. शेवटी 'समन्वयक' असं काहीतरी ठरलं. सॉफ्टवेअरमध्ये मी एक बदल केला. रुग्ण गेल्याची नोंद झाली की कुठलाही मेसेज जायचा नाही. पडद्यावर फक्त एक ओळ यायची : छायाताईंना सांगा.

सरांनी माझं कौतुक वगैरे काही केलं नाही. परत येताना म्हणाले, "बोलली तं बरी. पन सुतळी धरलीच नाही तू."

मागच्या वर्षी सर बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि मग उठलेच नाहीत. महाल भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत इतवारीहून पलंग आला. मी भेटायला गेले तेव्हा जाळीला बांधलेल्या लुगड्याच्या काठाकडे बोट दाखवून म्हणाले, "पाह्य. टोक आत खोचलं हाय. गाठ छायाचीच." चार महिन्यांनी ते गेले.

दुसऱ्या दिवशी छायाताईंचा फोन आला. "पोरी, सरांची नोंद तू कर वं. माह्यानं नाही होत." मी लॅपटॉप उघडला, त्यांचं नाव शोधलं, खूण केली. पडद्यावर ओळ आली : छायाताईंना सांगा. मी बराच वेळ रडले. माझ्याच हाताने लिहिलेली ती ओळ होती आणि ज्यांना सांगायचं त्यांना आधीच माहीत होतं.

तेरवीनंतर आम्ही दोघी गेलो. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांच्या चहाच्या खोडी सांगत होत्या. पलंगाचं नाव कोणी काढलं नाही. आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हाही नाही. तिसऱ्या वेळी काकूंनीच चादर घडी करून ठेवली होती. म्हणाल्या, "छाया, घेऊन जा बाई आता. कोनाले तरी लागत असन."

छायाताईंनी पलंग दुमडला. काठाचा तुकडा आणायला त्या विसरल्या होत्या, पहिल्यांदाच. काकू आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकणाच्या भोकातून टोक बाहेर आलेलंच होतं. छायाताईंनी सुतळी ओढली, जाळीभोवती दोन वेढे घातले आणि टोक माझ्यासमोर केलं.

"धर वं इंजिनीअर. एका हातानं पीळ बसत नाही."

मी खांद्यावरची लॅपटॉपची बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी धरलं.